वाद्यवृंदाचे सूत्रधार : झुबिन मेहता

गडचिरोलीच्या अरण्यातील गोंड गावांत सणासुदीला ढोल वाजू लागला, की फेर धरणाऱ्या सर्वांची पावले एका ठेक्यावर पडतात. ढोल चुकला, तर फेर विसकटतो. पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदात सुमारे शंभर वादक असतात. त्यांना एका लयीत बांधणाऱ्यास वाद्यवृंद-संचालक म्हणतात. त्याच्या हाती मात्र ढोल नसतो; असते केवळ एक बारीक कांडी, आणि तिच्यातून सूर निघत नाही! मग असा संचालक जगद्विख्यात कसा होतो? याचे उत्तर झुबिन मेहता यांच्या चरित्रात मिळते.

झुबिन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मेहली मेहता हे नामांकित व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत वाद्यवृंद स्थापन केला होता. झुबिन यांनी काही काळ वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली. परंतु त्यांचे मन संगीताकडेच ओढ घेई. अखेर १९५४ मध्ये ते व्हिएन्ना येथे गेले. तेथे हान्स स्वारोव्स्की या गुरूंपाशी त्यांनी संचालनाचे शिक्षण घेतले. १९५८ मध्ये लिव्हरपूल येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते पहिले आले.

संचालकाचे खरे काम श्रोते येण्यापूर्वीच सुरू होते. प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्यापुरतीच स्वरलिपी असते. समग्र रचना संचालकाने अभ्यासलेली असते. कोणी केव्हा सुरुवात करावी, कोणी आवाज मृदू ठेवावा, हे तो सरावात घटवून घेतो.

या कामात मेहतांनी वादकांचा विश्वास संपादन केला. लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व त्यांनी १९६२ पासून १९७८ पर्यंत केले, आणि पुढे १९९१ पर्यंत न्यूयॉर्कच्या. इस्राएलच्या वाद्यवृंदाने तर १९८१ मध्ये त्यांना तहहयात संगीत-संचालक नेमले. २०१९ मध्ये ते तेथून निवृत्त झाले. भारत सरकारने १९६६ मध्ये पद्मभूषण व २००१ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

तथापि, त्यांची थोरवी केवळ पदांनी मोजता येणार नाही. १९९४ मध्ये साराजेव्हो शहरास शत्रूचा वेढा पडला होता. तेथील राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्याने जळून गेले होते. लक्षावधी ग्रंथांची राख झाली होती. त्या भग्न वास्तूत मेहता उभे राहिले, आणि त्याच नगरीच्या वादकांकडून व गायकांकडून त्यांनी मोझार्ट या संगीतकाराची मृतांसाठी रचलेली प्रार्थना सादर करवली. ज्यांची घरेदारे उद्ध्वस्त झाली होती, ती माणसे त्या दिवशी एका सुरात गात होती.

स्वतः एकही सूर न काढता शंभरांचे सूर जुळवणे, हीच मेहतांची विद्या. अशा मनुष्याची कीर्ती त्याच्या सोबत्यांच्या कर्तृत्वातून ऐकू येते.

स्वाध्याय
१. संचालकाचे खरे काम केव्हा सुरू होते? ते कोणते?
२. साराजेव्हो येथील कार्यक्रमाचे महत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.
३. तुमच्या गावातील भजनी मंडळात किंवा नृत्यात सर्वांना एका लयीत कोण ठेवते? पाच ओळी लिहा.