मेंदूत तारा घालण्यापूर्वी

आमच्या आरोंद्यात ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या व्याधीने माझ्या धाकट्या भावाला ग्रासले तेव्हा विहिरीवर हात धुता धुता त्याची बोटे भेगाळून रक्ताळत आणि दाराची कडी लागली की नाही हे पाहण्यासाठी तो अर्ध्या वाटेवरून पुनःपुन्हा परते. हा सोवळ्याचा अतिरेक नसून आजार आहे, हे घरात प्रथम ओळखले ते आईने. "देवीक गाऱ्हाणा घातलंय, आता डॉक्टराक इचार," असे ती म्हणाली.

औषधे सुरू झाली, बदलली, सुटली. आणि अशा हताश अवस्थेत मुंबईला मेंदूत तारा घालून हा रोग समूळ काढतात, असे सांगणाऱ्या एका मध्यस्थाने काजूची बाग गहाण टाकण्यापर्यंत आमची तयारी आणून ठेवली.

ही विद्या खोटी नव्हे. १९९९ साली बेल्जियममध्ये बार्ट नुटिन यांनी मंत्रचळावर डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला, २००९ मध्ये अमेरिकेने तिला मर्यादित परवानगी दिली, आणि मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ती केलेली आहे. कवटीला छिद्रे पाडून नेमक्या स्थानी तारा नेतात व छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या बॅटरीतून त्यांना अखंड सूक्ष्म विद्युत्स्पंद पुरवतात. परंतु यामुळे रोग समूळ जात नाही. कित्येकांचा त्रास पुष्कळ उतरतो, काहींचा मुळीच नाही. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचे भय असते, प्रवाहाचे प्रमाण जुळवण्यात महिनोन्‌महिने जातात, बॅटरी संपली की बदलावी लागते, आणि सांधेदुखीसाठी डायथर्मीचा शेक घेणे अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते. खाडीकाठच्या खेड्यातून हे सारे आयुष्यभर निभावायचे असते.

शस्त्रक्रियेविषयी विचारायला गेलो तेव्हा मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आमचे दप्तर शांतपणे चाळून एवढेच विचारले, "कोणते औषध, किती मिलिग्रॅम, सलग किती आठवडे?" मंत्रचळात औषधाची मात्रा बहुधा उदासीनतेच्या आजारापेक्षा अधिक लागते आणि गुण कळायला दहा-बारा आठवडे जावे लागतात, शिवाय हाताला मळ लागू द्यायचा आणि धुण्याची ऊर्मी सोसत बसायचे, असा वर्तनोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा लागतो. आमच्या कागदांत यातले काहीच पुरते झालेले नव्हते. पुढे गोव्यात बांबोळीला ते रीतसर झाले. भाऊ सर्वस्वी बरा नाही. पण कडी लावून तो सरळ बाजारात जातो.

ज्यांचे हे सर्व उपाय खरोखर थकले असतील त्यांनी शस्त्रक्रियेचा विचार अवश्य करावा. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९६ नुसार मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करण्यास स्वतः रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती व संबंधित मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी आवश्यक आहे. तेव्हा केवळ नातलगांची सही मागणाऱ्याच्या हाती बयाणा देऊ नका, आणि बॅटरी बदलण्याच्या खर्चाचा अदमास आधीच लेखी घ्या. कोणाला विचारावे हेच कळत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.