परक्या देशाची भाकर

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील गाव. हा सारा धानाचा मुलूख. येथील मुले भातावर वाढतात. यांतील एखादा मुलगा शिकायला परदेशी गेला, तर तेथे काय खाईल? घरून नेलेले पापड-लोणचे किती दिवस पुरेल? तेथील अन्न त्याला ओळखावेच लागेल. हेही एक शिक्षणच आहे.

आपल्या विदर्भातील पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४–१९६७) यांनी हे शिक्षण घेतले. ते वर्ध्याचे. अमेरिकेत जाऊन ते शेतीशास्त्र शिकले. ते स्वातंत्र्याच्या चळवळीत होते. त्यामुळे इंग्रजांच्या राज्यात परतणे त्यांना कठीण झाले. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. तेथे त्यांनी शेतीचे विद्यालय गाठले, मुलांना शिकवले आणि मक्यावर संशोधन केले. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने एक चित्र काढले आहे. त्यात सर्वांमध्ये बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे, असे सांगतात.

खानखोजे यांनी मकाच का निवडला? कारण मका हे मेक्सिकोचे मुख्य अन्न आहे. तेथे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. मग धुऊन, दगडी पाट्यावर वाटून त्याची पातळ भाकर तव्यावर भाजतात. तिला 'तोर्तीया' म्हणतात. त्याच पिठाचे 'आतोले' नावाचे गरम पेय करतात. ते पाहून आपल्याला आंबील आठवेल.

चुना कशाला, असे कोणी विचारील. पुढे युरोपातील लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळेच शरीराला मिळते. ते न मिळाल्याने इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही या रोगाने हजारो माणसे दगावली. मेक्सिकोतील खेडूत बायकांना जे ठाऊक होते, ते विचारायचे मात्र राहून गेले!

म्हणून मुलांनो, परक्या गावी पानात नवा पदार्थ आला तर नाक मुरडू नका. जे आपल्याला चालत नाही ते नम्रपणे नाकारा. पण हे कोणी पिकवले, कसे शिजवले, हे जरूर विचारा. आपल्या भाजीतील मिरचीसुद्धा मूळची अमेरिका खंडातलीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. आज तिला परकी कोण म्हणतो?

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश
रीत – पद्धत
दगावणे – मरण पावणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे

स्वाध्याय
१. खानखोजे यांना मायदेशी परतणे कठीण का झाले?
२. मका चुन्याच्या पाण्यात शिजवल्याने काय लाभ होतो?
३. तुमच्या घरातील एका पदार्थाची कृती आईला किंवा आजीला विचारून पाच वाक्यांत लिहा.