परदेशातील पहिले वर्ष आणि परतीचे पहिले वर्ष

पेण-रोह्याच्या खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी निघालेला तरुण आता नवलाचा राहिलेला नाही. व्हिसा, शुल्क, तिकीट यांची चौकशी सारे करतात. तेथे गेल्यावर मनाचे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. त्या प्रश्नाचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1954 मध्ये रिओ दि जानेरो येथील व्याख्यानात या अवस्थेची मांडणी केली. मराठीत आपण तिला सांस्कृतिक धक्का म्हणतो. प्रथम नव्या देशाचे अप्रूप वाटते; मग चिडचिड व घराची ओढ; पुढे हळूहळू सावरणे आणि अखेर रुळणे, असा हा क्रम आहे. त्याचे कारण साधे आहे. आपल्या गावी कोणाला काय म्हणावे, केव्हा बोलावे, केव्हा गप्प राहावे, हे शेकडो न बोललेल्या खुणांवरून आपल्याला कळते. परदेशात त्या खुणा एकाएकी नाहीशा होतात. ‘सर’ म्हणून उभे राहण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेतील प्राध्यापक नावाने हाक मारावयास सांगतात. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. आखातात जून उजाडतो, पण पाऊस येत नाही. एकेक गोष्ट क्षुल्लक असते. साऱ्या मिळून माणसाला थकवतात. हा थकवा म्हणजे दुबळेपणा नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. विद्यापीठाच्या वसतिगृहातील जेवण त्यांना रुचेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनी निवासस्थान बदलले. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचा सहवास लाभला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. सुरुवातीचे दिवस नव्या मोकळेपणात गेले. मग मात्र त्यांनी अभ्यासाला वाहून घेतले. 1915 मध्ये ते एम. ए. झाले आणि 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. दूर गेल्यावर स्वदेशाकडे अधिक स्पष्ट नजरेने पाहता येते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

त्याच काळात आपल्या रोह्यात बालपण घालवलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख 1915 मध्ये केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात दाखल झाले. महायुद्धाचे ते दिवस होते. तेथे त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला; 1918 मध्ये आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. परंतु संस्कृतची गोडी त्यांनी सोडली नाही. ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही केला. या दोघांची घरे आणि समाजातील स्थान यांत महदंतर होते. तरीही दोघांच्या चरित्रांत आम्हांला एकच आधार दिसतो : नेमाने केलेले काम.

यावरून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी सांगू इच्छितो. पहिल्या दिवसापासून उठण्याची, जेवणाची व अभ्यासाची वेळ ठरवावी. पेणचे पोहे आणि मिरगुंड सोबत न्यावेत, पण तेथील एखादा पदार्थही शिकून घ्यावा. एक मित्र आपल्या मुलखातला असावा, एक त्या देशातला. केवळ आपल्यांतच राहिल्यास नव्या खुणा कधीच कळत नाहीत. न समजलेली गोष्ट विचारण्यात संकोच नसावा. आणि अन्न-झोप आठवडेच्या आठवडे हरपली, तर विद्यापीठातील समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात रडणारे मूल दिवाळीनंतर आनंदाने परत येते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही वाट अपरिचित नाही.

परंतु परतीचाही एक धक्का असतो, आणि आपल्या समाजाला तो अधिक खोल लागला आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच बाबासाहेबांच्या मनातून पुसली गेली होती. 1917 मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू होताना राहावे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यांचे आत्मकथनपर लेखन हा प्रसंग सविस्तर सांगते.

त्या धक्क्याने ते परदेशातच कायमचे निघून गेले नाहीत, की जुन्या रीतीशी जुळवूनही घेतले नाही. दहा वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, आपल्याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी सहकाऱ्यांसह प्राशन केले. रुळणे म्हणजे सारेच निमूट स्वीकारणे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो. परक्या देशाची रीत समजून घ्यावी; अन्याय मात्र तेथेही रीत म्हणून मान्य करू नये आणि येथेही करू नये.

पालकांना आमची विनंती एवढीच : फोनवर पगार विचारण्यापूर्वी ‘जेवलास का, आज कोणाशी बोललास?’ असे विचारा. आणि मुलगा वा मुलगी परत आल्यावर ‘फार बदललीस’ असे म्हणून मोकळे होऊ नका. तिथे काय पाहिले, हे शांतपणे ऐकून घ्या. ते ऐकण्याजोगे असते.