पाणबुडीचा श्वास

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर एक पाणबुडी कायमची विसावली आहे. तिचे नाव 'कुरसुरा'. १९६९ साली ती भारतीय नौदलात दाखल झाली, २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून सर्वांना खुली आहे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने १९७१ च्या युद्धाविषयी मी बरेच वाचले होते; पण त्यातले समुद्राखालचे युद्ध कसे होते, हे या पाणबुडीच्या पोटात शिरल्यावरच मला उमगले. जे उमगले ते माझ्यासारख्याच कलाशाखेच्या मित्रांसाठी येथे सोप्या शब्दांत मांडत आहे.

कुरसुरा सोव्हिएत बनावटीची. लांबी सुमारे ९१ मीटर. तिला एकात एक अशी दोन कवचे आहेत. माणसे, यंत्रे आणि शस्त्रे आतल्या जाड पोलादी कवचात असतात. दोन कवचांमधल्या टाक्यांत हवा असली की पाणबुडी तरंगते. टाक्यांत पाणी घेतले की ती जड होऊन बुडते, आणि दाबून साठवलेली हवा सोडून ते पाणी बाहेर हुसकले की पुन्हा वर येते. शाळेत आपण घोकलेला आर्किमिडीजचा सिद्धान्त तो हाच! दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढत जातो. दोनशे मीटरवर तळहाताएवढ्या जागेवर जवळजवळ दोन टन भार पडतो. म्हणून आतले कवच नळकांड्यासारखे गोल करतात. चहूकडून येणारा दाब तो आकार सारखा वाटून घेतो.

परंतु खरी मेख आहे ती इंजिनात. डिझेल इंजिनाला हवा लागते, आणि पाण्याखाली हवा नाही. यावरचा तोडगा म्हणजे दुहेरी यंत्रणा. कुरसुरेत तीन डिझेल इंजिने आणि तीन मुख्य विजेच्या मोटारी आहेत. पृष्ठभागावर असताना डिझेल चालवून प्रचंड बॅटऱ्या भारून घ्यायच्या. बुडी मारली की डिझेल बंद करून बॅटरीवर मोटारी चालवायच्या. बॅटरीतली वीज मात्र मोजकी. ताशी दोन-तीन सागरी मैल अशा संथ गतीने गेले तर ती काही दिवस पुरते. पूर्ण वेगाने पळाले तर तास-दोन तासांतच संपत येते. महिनाअखेरीस गृहिणी जसा एकेका रुपयाचा हिशेब करते, तसा कप्तानाला विजेचा करावा लागतो. वीज सरत आली की निदान श्वासनलिका पाण्याबाहेर काढून डिझेल चालवावेच लागते. नेमक्या याच वेळी तिची नळी शत्रूच्या रडारवर दिसू शकते आणि इंजिनाची घरघर दूरवर ऐकू जाते.

मग अशा परावलंबी नौकेचा उपयोग काय? उपयोग तिच्या मौनात आहे. बॅटरीवर संथपणे चालणारी पाणबुडी जवळजवळ निःशब्द असते. ती स्वतः आवाज न करता दुसऱ्याचा आवाज ऐकते. समुद्राच्या पाण्यात उष्ण व थंड असे थर असतात. त्यांच्या सीमेवर ध्वनीची वाट वळते, आणि त्या थराखाली दडलेली पाणबुडी वरच्या जहाजाच्या सोनारला सहजी सापडत नाही. जहाज टप्प्यात आले की पाणतीर सुटतो.

ज्या विशाखापट्टणमला मी उभा होतो, त्याच्याच समोरच्या समुद्रात १९७१ च्या ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानची 'गाझी' बुडाली. ती आली होती 'विक्रांत' या आपल्या विमानवाहू नौकेच्या शोधात. एका पाणबुडीच्या धोक्यापायी विक्रांतला दूर अंदमानात लपवावे लागले होते. एकही पाणतीर न सोडता पाणबुडी काय साधू शकते, याचे हे उदाहरण. मात्र गाझीतला एकही माणूस वाचला नाही.

पुढे ९ डिसेंबरच्या रात्री पश्चिमेकडे, दीवजवळच्या समुद्रात, उलटे घडले. आपली 'खुकरी' युद्धनौका पाणबुडीच्या शोधावर होती. पण पाकिस्तानच्या 'हंगोर' या फ्रेंच बनावटीच्या छोट्या डिझेल-विद्युत पाणबुडीने तिलाच गाठले. काही मिनिटांत खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. शिकारीच शिकार झाला, कारण पाण्याखालचा गप्प होता आणि वरच्याला गप्प राहणे शक्य नव्हते.

आज आपल्या मुंबईत माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यावरून सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या आहेत; पहिली 'कलवरी' २०१७ साली, तर सहावी 'वागशीर' २०२५ साली नौदलात आली. त्यांतल्या दुसरीचे नाव 'खांदेरी', शिवछत्रपतींच्या सागरी दुर्गाचे. नवी यंत्रे कितीतरी अधिक सरस आहेत. बाहेरच्या हवेवाचून वीज निर्माण करून पाण्याखालचा मुक्काम वाढवण्याची युक्तीही स्वीडनसारख्या देशांनी साधली आहे. तरी मूळ कोडे तेच आहे : श्वास घ्यावा तर मौन मोडते, मौन राखावे तर श्वास सरतो.

कुरसुरेच्या पुढच्या दालनात पाणतीरांच्या शेजारीच निजायच्या अरुंद फळ्या आहेत. सुमारे पंचाहत्तर माणसे अशा जागेत आठवडेच्या आठवडे काढीत. पाणबुडीची रचना पोलादाची आणि शिशाची, हे खरे. पण ती चालते ती या माणसांच्या धीरावर. गाझीत आणि हंगोरमध्येही अशीच माणसे होती, आणि खुकरीवर तर आपलीच. यंत्राचा अभ्यास करताना त्यांचा विसर पडू नये, एवढेच माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याचे मागणे.