अंगावरून वारं गेलं तर

अंगावरून वारं गेलं की कोकणातल्या घरात आधी उपायांची चर्चा होते, गाडीची नंतर. पावसला आमच्या अण्णांच्या वेळी तसंच झालं. सकाळी चहाची बशी हातातून निसटली, तोंड वाकडं झालं, जीभ जड. मधुमेह जुना, म्हणून कुणी म्हणालं, "साखर उतरली असेल, गूळ द्या." कुणी काढा उकळला. एका शहाण्याने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. गाडी निघाली दुपारी.

गोळप, फणसोप, भाट्याचा पूल, की आली रत्नागिरी. वीसेक किलोमीटरचा रस्ता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. तास मोजायचे ते माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. ही वेळ वहीत लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.

साखर उतरल्यावरही अर्धांगासारखी लक्षणं दिसू शकतात, त्यामुळे शंका चुकीची नव्हती. पण घरात मशीन असताना साखर कुणी मोजली नाही. आणि अशा वेळी गूळ काय, काढा काय, पाणीसुद्धा तोंडात घालू नये. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात. अण्णांना घोटाघोटाला ठसका लागत होता तरी काढा पाजला गेला. पुढे न्यूमोनिया झाला, आणि त्याने अर्धांगापेक्षा जास्त दिवस खाटेवर ठेवलं.

घरी आल्यावर निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुरू झाला. लुळ्या बाजूला चटका कळत नाही, त्यात मधुमेहाने पाय आधीच बधिर. पोटरीवर फोड आला आणि जखम महिनोन्‌महिने भरेना. शेक द्यायचाच तर फिजिओथेरपिस्टला विचारून, आणि पाला आधी स्वतःच्या हाताला लावून बघा.

मग सिंगापूरच्या भाच्याने चिनी कॅप्सूल पाठवल्या. अर्धांगासाठीच्या त्या प्रसिद्ध चिनी औषधात नऊ वनस्पती आणि जळू-विंचवासकट पाच प्राणिज घटक असतात. घरातले शाकाहारी ते ऐकून गप्प झाले! आशियातल्या अनेक देशांत सुमारे 1100 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. 2013 साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी औषध घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्यात ठोस फरक नाही. मेंदूतल्या रक्तस्रावासाठीच्या दुसऱ्या एका चिनी मिश्रणाचंही 2024 मध्ये असंच झालं. ही चाचणी चीनमध्येच, 1600 हून अधिक रुग्णांवर झाली होती. त्या लोकांनी आपलं औषध मोजून पाहिलं, याचं मला कौतुक आहे. आपल्याकडच्या पुडीवर तर नावही नसतं.

बिननावाच्या औषधाची भीती मधुमेह्याला जास्त. 2008 मध्ये सिंगापुरातच चोरट्या बाजारातल्या ताकदीच्या गोळ्यांत साखर उतरवणारं ग्लायबेनक्लामाइड मिसळलेलं निघालं, माणसं दगावली. चिनी औषधांतल्या डानशेन या मुळीने रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आपल्या आसव-अरिष्टांत गूळ किंवा साखर असतेच.

वैद्यांशी माझं भांडण नाही. चांगला वैद्य आधी रिपोर्ट मागतो. "लकवा आणि मधुमेह मुळापासून घालवतो" असा फलक दिसला तर मात्र पुढे चला, 1954 च्या कायद्याने या दोन्ही रोगांवर इलाजाची जाहिरात करायलाच मनाई आहे.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे चालू आहे ते विचारूनच गाडी हलवा. चालू गोळ्या, काढे, पुड्या सगळं पिशवीत भरून सोबत न्या आणि डॉक्टरांपुढे न लाजता ओता.