पैसे कोणीही भरो, बोलणं तुमचंच

समुपदेशकाची वेळ घेताना बहुतेक जण फी विचारायला कचरतात. मनाच्या दुखण्यात पैशाचा विषय काढणं बरं दिसत नाही, असं वाटतं. मग तीन-चार सेशननंतर खर्च झेपेनासा होतो आणि माणूस काही न कळवता जाणं बंद करतो, तेही नेमकं बोलणं रुळायला लागलेलं असताना. म्हणून पहिल्याच फोनवर दोन गोष्टी विचारा: एका सेशनचे किती, आणि मी सांगितलेलं कोणाकोणाला कळतं?

आधी पैशाचं. पुण्या-मुंबईत पाऊण ते एक तासाच्या खासगी सेशनला साधारण १,००० ते २,५०० रुपये पडतात. नाव झालेल्या व्यक्तीकडे त्याहून जास्त, जिल्ह्याच्या गावी बरेच कमी. पण एका सेशनच्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. फी १,५०० असेल आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला जायचं ठरलं, तर बारा सेशनचे १८,००० होतात. घरखर्चाशी मेळ घालायचा तो या आकड्याचा. झेपत नसेल तर स्पष्ट सांगा. अनेक समुपदेशक काही वेळा सवलतीच्या दरासाठी राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय कोणी ते सांगत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या आणि लेखी अहवाल यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. आदल्या दिवशी न कळवता गैरहजर राहिलात तर पूर्ण फी लागते, हा बऱ्याच ठिकाणचा नियम आहे आणि मला तो रास्त वाटतो. ती वेळ दुसऱ्या कोणाला देता आली असती. मात्र पहिल्या भेटीआधीच दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारत असतील तर घेऊ नका. माणूस पटतो की नाही, हे कळायलाच दोन-तीन भेटी लागतात.

पैसे कोणाला देतोय, हेही पाहा. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर. औषध लिहून देतात, आणि त्यांची फेरतपासणी बहुधा पंधरा-वीस मिनिटांची असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक बेलाशक मागा. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र मानसशास्त्रातलं एम. ए. असू शकतं किंवा चार दिवसांचं शिबिरही. खासगी परवडतच नसेल तर सरकारी सोय आहे. टेलि-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि मुंबईत केईएम, नायर, सायनच्या मानसोपचार विभागांत बाह्यरुग्ण तपासणी होते. तिथे गर्दी असते, वेळ कमी मिळतो. पण अजिबात न जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता गोपनीयतेचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. त्याला अपवाद आहेत: उपचारात सहभागी असलेले इतर तज्ज्ञ, रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, कोणाच्या जिवाला धोका असणं, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे, तिथे गुपित राखता येत नाही. आणि वकिलाशी झालेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जसं संरक्षण आहे, तसं समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. घटस्फोटाचं किंवा मुलाच्या ताब्याचं प्रकरण कोर्टात असेल तर हे आधी वकिलाला विचारून घ्या. कलम २३ हे कर्तव्य आरोग्य व्यावसायिकांवर टाकतं; नुसती पाटी लावून बसलेल्याला ते लागू होईलच असं नाही. म्हणून काय गुप्त राहील, कधी सांगावं लागेल आणि नोंदी कुठे राहतील, हे लिहिलेलं संमतीपत्र मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा.

खरी गुंतागुंत होते ती पैसे भरणारा एक आणि बोलणारा दुसरा असतो तेव्हा. एकोणीस वर्षांच्या मुलीची फी वडील भरतात आणि महिन्याने समुपदेशकाला फोन लावतात: ‘काय म्हणते हो ती? पैसे आम्हीच भरतोय ना!’ त्यामागची काळजी खरी असते, पण फी भरली म्हणून ऐकण्याचा हक्क मिळत नाही. मुलगी सज्ञान आहे. तिच्या संमतीशिवाय तिचं बोलणं बाहेर जाता कामा नये. बायकोची फी भरणाऱ्या नवऱ्यालाही हेच लागू. मूल अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांना उपचारात स्थान आहेच. तरी त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत मुलासमोर ठरवावं; नाहीतर मूल तोंडच उघडत नाही. कंपनीतर्फे मोफत सेशन मिळत असतील तर कंपनीला फक्त संख्या जाते की नावंही, हे लेखी विचारा.

विम्याचंही तसंच. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा, असं याच कायद्याचं कलम २१ सांगतं. पण बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. सेशनच्या फीसाठी बाह्यरुग्ण खर्चाचं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. आणि दावा करायचा तर निदान विमा कंपनीला कळवावं लागतं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ही कागदपत्रं कोणाच्या हातून जातात, ते पाहून मगच ठरवा.

माहिती फुटते ती बहुतेकदा साध्या साध्या गोष्टींतून. स्वागतकक्षातल्या टेबलावर उघडं रजिस्टर असतं: नाव, मोबाइल, आणि शेजारी ‘तक्रार’ असा रकाना. तुम्ही सही करायला वाकता, तेव्हा तुमच्या आधीच्या चौघांचं दुखणं तुम्ही वाचलेलं असतं. अशा ठिकाणी रकाना कोरा सोडा आणि का सोडला तेही सांगा. यूपीआयने पैसे देताना टिपणीत काही लिहू नका. खातं सामाईक असेल तर क्लिनिकचं नाव पासबुकात उमटतं, तिथे रोख देऊन पावती घेणं सोयीचं. ॲपवरून सेशन घेणार असाल तर रेकॉर्डिंग होतं का, माहिती कोणाला दिली जाते, हे वाचा. ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेतल्या बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

फीबाबत फसवणूक झाली, तर पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्या. त्यासाठी पावत्या आणि संमतीपत्राची प्रत जपून ठेवा, शक्यतो घरातल्या सगळ्यांच्या हाताशी असलेल्या कपाटात नको.