पेंग्विनछाप घड्याळ

किनवटला जुन्या घड्याळांचं दुकान नाही. चावीचं घड्याळ हवं असेल तर मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावायचा, फोटो मागवायचे, पैसे पाठवायचे. प्रस्तुत लेखकाने तेच केलं. यात त्याचं काय चुकलं, ते आता शहाणपण शिकवणाऱ्यांनी सांगावं.

माल फेवर-ल्युबाचा, निळ्या डायलवर पेंग्विन, किंमत साडेनऊ हजार. "साठच्या दशकातलं आहे सर, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेवर जाऊन आलंय."

बनाव बेमालूम होता, कारण त्यात थोडं खरंही होतं. ही स्विस कंपनी १८६५ पासून भारतात घड्याळं विकत होती. १९६२ मध्ये तिने बिव्हुअॅक काढलं. हवेच्या दाबावरून उंची सांगणारं हे यांत्रिक मनगटी घड्याळ फ्रेंच ध्रुवसंशोधक पॉल-एमिल व्हिक्टर यांनी अंटार्क्टिकात वापरलं. पण त्यावर दाबाचा वेगळा काटा असतो, पेंग्विन नसतो. आणि भारताची पहिली मोहीम गोव्याहून निघाली ६ डिसेंबर १९८१ ला, बर्फावर उतरली ९ जानेवारी १९८२ ला. साठच्या दशकात हे घड्याळ कोणाच्या हाताला बांधून गेलं?

घड्याळ रोज मागे पडू लागलं तेव्हा गावातल्या दुरुस्तीवाल्याने डोळ्याला भिंग लावून झाकण काढलं. मशीनवर एचएमटीचं नाव! डायलचे पाय कापून ती गोंदाने चिकटवलेली. पेंग्विनची चोच नव्या रंगाने फुगलेली. त्याने काही न बोलता भिंग लेखकाच्या हातात दिलं.

विक्रेत्याला फोन केला. पैसे जमा होईपर्यंत 'सर, सर' करणारा आता म्हणाला, "काका, चालतंय ना? मग झालं तर!" त्यानंतर नंबर ब्लॉक.

तेव्हा घेणाऱ्यांनी इतकं करावं. पैसे देण्याआधी उघड्या झाकणाचा, मशीनवरचं नाव वाचता येईल असा फोटो मागावा. आढेवेढे घेतले की सौदा मोडावा. डायलवरची अक्षरं मोठी करून पाहावीत: कडा जाड किंवा पसरलेल्या असतील तर रंग नवा आहे. जुनं घड्याळ 'वॉटरप्रूफ' म्हणून पैनगंगेत बुडवू नये. आतलं रबर बदलून तपासून घ्यावं. ध्रुवावरच्या गरजा वेगळ्या: तिथे थंडीने मशीनमधलं तेल घट्ट होतं. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणून २४ तासांचा काटा कामी येतो. किनवटच्या मे महिन्यात मात्र गाठ घामाशी आणि धुळीशी असते.

मोहिमेच्या गोष्टीसाठी जादा पैसे मागितले तर कागद मागावा. आणि हो, सगळ्यांवर विश्वास ठेवू नये, हेही आहेच.

पावती, फोटो, संभाषण जपून ठेवावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. किनवटकरांना मुंबई गाठावी लागत नाही, नांदेड पुरतं. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. लेखकाची तक्रार तयार आहे, सोबत चोचीचा फोटोही.